दुसरा ठोका

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार

अर्धी! आजपासून अर्धीच.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या देखत गोळी मधोमध कापली. "नऊ वर्षं घेताय. एकदम तोडायची नाही. आधी अर्धी, मग पाव, मग एक दिवसाआड. तुमचं हृदय उत्तम आहे." उत्तम! मग मी इतकी वर्षं काय खडीसाखर चघळत होते? विचारलं तसं. त्या नुसत्या हसल्या. ह्यांना मात्र सरळच सांगितलं, मूल हवं असेल तर ही गोळी आधी सुटलेली बरी. पोटातल्या बाळाची वाढ खुंटू शकते म्हणे.

मूल हवं. हवंच. लग्नाला सात वर्षं झाली. दोनदा आशा लागली, दोनदा निसटली. माझी पाळी आधीच मन मानेल तशी. आता महिना चुकला तर मी कुणाला सांगतसुद्धा नाही, स्वतःलाही नाही.

पण गोळी सोडायची म्हणजे छातीतलं ते पुन्हा सुरू होणार. माझ्या वडिलांना, अप्पांना झालं होतं ते. अप्पा दुकानात तराजूपाशी बसले होते. "विद्या, धडधडतंय गं," एवढंच म्हणाले. मी पाणी घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं. त्याच महिन्यात माझी धडधड लागली आणि तिच्या मागोमाग ही गोळी.

भीती वाटते. लिहून टाकलं, बरं झालं.

आज कार्तिकातला सोमवार, म्हणून आत्तींनी पूजेनंतर माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीला नवा दोरा ओवला. जुना पार विटला होता. (सासूबाई म्हटलेलं त्यांना खपत नाही. "आमच्या निपाणीकडं आत्तीच म्हणत्यात की!") चांदीची डबी नव्या दोऱ्यात कशी नवी दिसते.

५ नोव्हेंबर

झोप येते, पण पातळ. पहाटे स्वप्न पडलं. रंकाळ्यात पाण्याऐवजी उसाचा रस. अप्पा काठावर बसून मोठ्या पळीनं मळी काढताहेत. मी म्हटलं, "अप्पा, पाक कधी येणार?" ते म्हणाले, "घाई नाही." जागी झाले तर अंगणात खरोखरच गुऱ्हाळाचा वास भरलेला. वाऱ्याबरोबर नदीपलीकडून येतो. किती वेळ तशीच पडून राहिले.

मग छातीकडं लक्ष गेलं आणि सगळं बिघडलं.

९ नोव्हेंबर

आज जिन्यात नवीनच प्रकार! माडीवर लोकांचे जुने काळेपांढरे फोटो रंगवायला निघाले. पाचसहा पायऱ्या चढले असेन, धडधडीच्या मागोमाग एक बारीक टक. धड – टक. धड – टक. ठोक्यामागं ठोका. थांबले की टक बंद, धडधड चालूच. पुन्हा चढले, पुन्हा टक.

गोळी अर्धी झाली नि हा दुसरा ठोका आला. सोपा हिशेब आहे. संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवरून दमून आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "म्हंजे आता दोन घोडी पळाय लागली म्हण की!" माझ्या काळजाला हे घोडं म्हणतात. रोज आल्या आल्या विचारतात, आज घोडं कसं हाय? मी रागावले. मग रात्रीच्या भाकरीला तूप जरा जास्तच वाढलं.

१३ नोव्हेंबर

कोडोलीच्या बाळासोंनी त्यांच्या आईचा जुना फोटो मोठा करून रंगवायला दिलाय. धोंडुबाई. नऊवारी, डोक्यावर पदर, नजर थेट. "गाल जरा लाल करा, आई लई गोरी हुती." सगळ्यांच्या आया गोऱ्याच होत्या! मी कुणाला नाही म्हणत नाही.

पण गोळी पुरी होती तेव्हा ओठांची कड एका दमात काढायचे. आज कुंचला घसरला, तांबडा रंग ओठाबाहेर. पुसायला गेले तर आणखी पसरला. रडू आलं. रंग माझ्या हातातून गेले तर मी काय करू दिवसभर? छाती ऐकत बसू?

१७ नोव्हेंबर

बाळासो आले. मी तोंड लपवत फोटो पुढं केला. ते बघतच राहिले. मग डोळे पुसले. "आई पान खात हुती वो! तुमाला कसं ठावं?"

मी खिडकीशी उभी राहिले. ते गेल्यावर खूप हसले. धोंडुबाईसुद्धा हसल्या असतील.

२४ नोव्हेंबर

हृदयाची पट्टी, ईसीजी, काढून आले. पट्टी काढताना लिंगाची डबी छातीवरून बाजूला घ्यावी लागते, पण ती अंगावेगळी करायची नाही, म्हणून मुठीत धरून पडते. डॉक्टरीणबाईंना आता सवय झाली आहे. थंडगार वाट्या छातीला चिकटवल्या. यंत्र कुरकुरत कागद सोडत राहिलं.

"एकही जादा ठोका नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"जिन्यात येतो."

"मग जिना चढून दाखवा." चढायला लावला मला दवाखान्याचा जिना! वर गेल्यावर कानाला नळ्या लावून ऐकलं. थोडं जलद आहे, बाकी स्वच्छ. मी तिथंही डबी मुठीतच धरून होते. घाबरले की धरते.

म्हणजे हा लबाड ठोका माणसांसमोर येत नाही. एकटीला गाठतो.

१९ डिसेंबर

पाव गोळी. नखाएवढा तुकडा. जिभेवर ठेवला की कळतसुद्धा नाही.

संध्याकाळी ह्यांनी गंगावेशीत दूध प्यायला नेलं. थंडी, धूर, दिव्यांभोवती धुक्याची वलयं. म्हशी ओळीनं उभ्या. पिराजी म्हशीखाली बसून धार काढत होता, ग्लासात फेस चढत होता. ह्यांनी त्याला माझं दुखणं सांगूनच टाकलं! ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

पिराजी म्हणाला, "वैनी, हात लावा की हिच्या कुशीला. भ्याचं न्हाय, गरीब हाय."

लावला. ऊन ऊन कातडं, आत कुठं तरी खोल एक संथ ठोका. माझा हात तिथंच राहिला. वाटलं, आपणही असं उभं राहावं, डोळे अर्धे मिटून, कुणी तरी वैरण घालेल.

"ही कुठली गोळी खात्या?" ह्यांनी विचारलं.

"सरकी खात्या!"

घरापर्यंत हसत आले. वाटेत एकदाही छातीकडं लक्ष गेलं नाही. आता लिहिताना आठवलं.

३ जानेवारी १९९९

वाईट दिवस. देवीच्या देवळात गर्दीत अडकले, दोन्ही हातांत ओटीचं ताट. टक – टक – टक. हात गार, ओठ बधिर, मंडपाचे खांब लांब लांब सरकताहेत. आता अप्पांसारखं होणार, इथंच, लोकांच्या पायांत. कसं बाहेर आले कोण जाणे. चप्पल तिथंच राहिली. अनवाणी घरी.

आत्तींनी पायावर पाणी घातलं.

ह्यांना म्हणाले, नको मला मूल. गोळी द्या माझी मला. हे उठून गेले नि माझी चप्पल शोधून घेऊन आले.

१४ जानेवारी

संक्रांत. काय लिहू! हसू का रडू?

सकाळी तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन माडीवर निघाले. दोन्ही हात गुंतलेले. आत्ती खाली चुलीपाशी. जिन्यात सुरू झालं, टक, टक. मी थांबले.

"का गं थांबलीस?"

"आत्ती, दुसरा ठोका."

"खाली ये. आता पुन्ना चढ बघू."

चढले. आत्ती कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिल्या. मग "यव्वा!" म्हणून जिनाच चढून आल्या, गुडघे धरून, आणि माझा पदर बाजूला केला.

"करडगी वाजत्या की गं ही! मंगळसूत्राच्या वाट्यांवर आपटत्या! मीच दोरा लांब ओवला न्हवं का कार्तिकात!"

करडगी म्हणजे ती डबी. चांदी सोन्यावर. टक.

जुन्या दोऱ्यात डबी वर, गळ्याजवळ असायची. नव्यात खाली, बरोबर वाट्यांच्या शेजारी. आणि दवाखान्यात? दवाखान्यात मी डबी मुठीत धरून! दोन महिने मी माझ्याच लिंगाला घाबरत होते. जे राखायला गळ्यात बांधलं त्यालाच!

आत्ती पायरीवर बसून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग दोऱ्याला गाठ मारून डबी वर घेतली, नि हसू थांबल्यावर माझ्या छातीवर तळवा ठेवून बसल्या. कानडीत काही तरी पुटपुटल्या. मला कळलं नाही. बरं वाटलं.

एक मात्र आहे. टक गेली, पण धडधड माझीच. ती कुणाच्या वाट्यांवर ढकलू?

११ फेब्रुवारी

शेवटचा तुकडा. घेतला. डबीत – गोळ्यांच्या डबीत! – पांढरी भुकटी तेवढी उरली. फुंकरली.

१५ फेब्रुवारी

काल शिवरात्र. उपास. पोट रिकामं, डोकं हलकं, गोळी नाही. धडधडलं. मी माडीवर आडवी पडून ऐकत राहिले. म्हटलं, धडधड बाई, किती धडधडशील? खिडकीतून ऊन येऊन रंगांच्या बाटल्यांवर पडलं होतं, भिंतीवर गुलाबी, निळे डाग हलत होते. त्यांच्याकडं बघता बघता डोळा लागला.

उठले तर जिवंत!

७ मार्च

तीन आठवडे लिहायची आठवणच झाली नाही.

हे आणि मी रंकाळ्यावर. वारा, भेळ, बाकावर खांद्याला खांदा. पाणी तांबूस झालं होतं, मग जांभळं, मग काहीच रंग नाही. मला कुठलाच रंग द्यावासा वाटला नाही. हे म्हणाले, "घोडं?" मी म्हटलं, चरतंय.

शिवकुमार. कधी नाव घेत नाही, निदान इथं तरी लिहावं. लिहिलं! आभाळ कोसळलं नाही.

१६ एप्रिल

गुळाच्या वासानं उलटी होतेय. माझा आवडता वास! ह्यांना अंगणातच सदरा काढायला लावते. हे बिचारे उघडे घरात येतात. अंग जड, दुपारी डोळे मिटतात. गोळी सुटल्याचं हे सगळं. शरीर सूड घेतंय.

मी आज आणलेली पपई आत्तींनी फळवाल्याला परत दिली. चांगली पिकलेली होती. का ते सांगेनात. "मला न्हाय पायजे, झालं!" वय झालं की माणूस विचित्र होतं.

९ मे

पुन्हा आलं. जिना चढले की छाती भरून येते, नुसती पडले तरी कानात ठोके. डबी वर बांधलेली आहे, तपासलं. वाट्या गप्प आहेत. ही माझीच आहे.

आत्ती म्हणाल्या, "एकदा दवाखान्यात जाऊन ये की." इतक्या गोड आवाजात बोलल्या की मला जास्तच भीती वाटली. त्यांनाही दिसत असणार, माझं काही खरं नाही.

स्वप्नात अप्पा पाठमोरे. हाक मारली, वळले नाहीत.

२१ मे

ठरलं. उद्या जाते नि गोळी परत मागते. अर्धी का होईना.

ह्यांना सांगताना मान वर होईना. मूल नाही तर नाही, मी म्हटलं, पण मला असं रोज मरता येत नाही. हे खूप वेळ माझ्या बोटांना लागलेला रंग खरवडत बसले. मग म्हणाले, "तू हायस न्हवं? बास की."

त्यांनी असं म्हणायला नको होतं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

हरले. फार वाईट वाटतंय.

२२ मे

गोळी मागायला गेले होते.

डॉक्टरीणबाईंनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. आडवं केलं, पोट दाबून पाहिलं, मग पोटावर गार काही तरी लावून एक लहानसं यंत्र टेकवलं. खोलीभर आवाज! टकटकटकटक, घोडं चौखूर सुटल्यासारखा. झालं, म्हटलं, हेच ते. डबी मुठीत घट्ट आवळली. आवाज थांबेना. दुसरा हात गळ्यापाशी नेऊन नाडीवर ठेवला. माझं आपलं सावकाश चाललेलं. धड. धड.

"तुमचं नाही ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि त्यानं एवढंच पळायला हवं."

ह्यांना आत बोलवा, म्हटलं. घोडं ऐकायला.