बर्फावर उजवं पाऊल

बॉथेल, वॉशिंग्टन
रविवार, ३१ जानेवारी १९८८

ती. विष्णूभाऊंना श्रीरंगचा साष्टांग नमस्कार (साष्टांग अशासाठी, की हल्ली दर शनिवारी मी तोच घालतो आहे, बर्फाला, त्यामुळे सवय झाली आहे).

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. डावं मनगट वगळता सर्व क्षेम आहे. माईंच्या डोळ्याची पट्टी निघाली का? दिसायला लागलं असेल तर पहिल्यांदा कांचनकडे बघून त्या काय म्हणाल्या ते कळवा. इथून निघताना आपण बारीक झालो आहोत असा तिचा दावा होता आणि या बाबतीत मी माईंचाच शब्द अखेरचा मानतो. रेखावहिनींना नमस्कार. त्यांनी दिवाळीत पाठवलेलं मेतकूट मी आणि दीपा जपून खातो आहोत, म्हणजे मी खातो आणि दीपा जपते.

कांचन माहेरी, तुमच्याकडे मिरजेला आली त्याला चार आठवडे झाले. या चार आठवड्यांत मला असा शोध लागला, की मी आणि माझी मुलगी यांच्यामध्ये आजवर एक टेलिफोन एक्स्चेंज होतं आणि तेच गावाला गेलं आहे. दीपा आता सतरा वर्षांची आहे. तिला काही हवं असलं की ती कांचनला सांगायची, कांचन मला सांगायची, मी नाही म्हणायचो आणि कांचन तिला हो म्हणून कळवायची. घर वर्षानुवर्षं असं सुरळीत चाललं होतं. आता मी विचारतो, शाळा कशी झाली? ती म्हणते, ‘फाइन.’ आमटी कशी झाली आहे? ‘फाइन.’ (मीठ घालायचं राहिलं होतं.) सप्टेंबरात ती बोस्टनला कॉलेजात जाणार, म्हणजे या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. विष्णूभाऊ, मला भीती वाटते. ती जाईल आणि माझ्या मुलीबद्दल मला एवढंच ठाऊक असेल, की सगळं फाइन होतं.

तर ही मुलगी दर शनिवारी डोंगरावर जाते. स्कीइंग तुम्ही चित्रात पाहिलं असेल, दोन पायांना दोन फळ्या. इथल्या पोरांनी आता नवीन खूळ काढलं आहे: दोन्ही पायांना मिळून एकच फळी, तिला स्नोबोर्ड म्हणतात. आपण आडवं उभं राहायचं, एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही पट्ट्यांनी फळीला जखडलेले, आणि उतारावरून सुटायचं. डोंगराच्या मालकांनाही हे फारसं पसंत नाही. परीक्षा पास झाल्याशिवाय ते फळीवाल्यांना वर नेणाऱ्या, तारेवरच्या पाळण्यात बसू देत नाहीत, खालच्या पोरासोरांच्या टेकाडावर घसरा म्हणतात. कांचन गेल्यावर दीपाला गाडीनं पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या शनिवारी मी दिवसभर तिथल्या उपाहारगृहात चहाचा थर्मास आणि दशम्या घेऊन बसलो आणि काचेतून एक लाल टोपी लहान होत जाताना पाहिली. पाच वाजता ती टोपी परत आली. मजा आली का, विचारलं. उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. सोमवारी मी फळी विकत घ्यायला गेलो.

आता, फळी निवडणं हे शास्त्र आहे आणि मी इंजिनियर आहे, तेव्हा मला कोण शिकवणार, अशा थाटात मी दुकानात शिरलो. दुकानदार माझ्याच वयाचा, दाढीवाला, अतिशय सभ्य. त्यानं आधी वजन विचारलं. फळी वजनावर ठरते. जड माणसाला लांब आणि ताठ, हलक्याला आखूड आणि लवचीक. मी एकशे पन्नास पौंड सांगितलं. यात खोटं काही नाही, लग्नात माझं वजन एवढंच होतं, त्यानंतरची नोंद तेवढी मी ठेवलेली नाही. त्यानं माझ्या कोटाच्या बटणांकडे पाहिलं, पण गिऱ्हाइकाचा मान राखून हनुवटीपर्यंत येणारी एक आखूड फळी काढली. ती पाहून माझ्यातला, मुलीला सतरा वर्षं फ्रॉक घेणारा बाप जागा झाला. आपल्याकडे अंगाबरोबर कोणी काही घेतं का? शाळेचा गणवेश, चपला, स्वेटर, सगळं वाढत्या अंगाचं. मी म्हटलं, याहून दोन नंबर मोठी द्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी कुठे वाढणार आहे हे त्यानं विचारलं नाही. गंमत अशी, की माझ्या खऱ्या वजनाला नेमकी तीच फळी बरोबर होती, हे मला नंतर दीपाकडून कळलं. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं. तिसरी राहिली.

मग त्यानं विचारलं, तुमची पद्धत कोणती? जोरात खाली सुटणार, उड्या मारणार, की वळणं घेत जाणार? मी सांगितलं, सावकाश. ते त्यानं एका कागदावर लिहून घेतलं. शेवटी म्हणाला, पुढचा पाय कोणता? मी एका क्षणाचाही विचार न करता म्हटलं, उजवा. विष्णूभाऊ, तुम्हीच सांगा, दुसरं काय म्हणणार होतो? कांचननं आमच्या घराचं माप ओलांडलं ते उजव्या पावलानं. या देशात विमानातून उतरलो तो उजव्या पायानं (त्यासाठी शिडीवर पाय बदलताना मागचा एक गृहस्थ माझ्यावर आदळला होता). बॉथेलच्या घरात शिरलो, नोकरीवर रुजू झालो, दवाखान्यातून दीपाला घरी आणलं, प्रत्येक वेळी उजवा. पहिल्यांदाच फळीवर चढायचं आणि डावा पुढे? दुकानदार म्हणाला, खात्री करून घेऊ, तुम्ही पाठ करून उभे राहा, मी न सांगता मागून ढकलतो, सावरायला जो पाय आपोआप पुढे येईल तो तुमचा. सोमवारी भर दुकानात, इतक्या लोकांसमोर, परक्या माणसाकडून धक्का खायचा? मी बाणेदारपणे नकार दिला. त्यानं पट्टे उजवा पाय पुढे येईल असे बसवून दिले. अशा माणसाला ते लोक ‘गूफी’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत बावळट. मी ते मनाला लावून घेतलं नाही.

त्यापुढचे दोन शनिवार मी काय केलं, हे एका वाक्यात सांगता येईल, पण मी पडलो त्या मानानं ते फार थोडं होईल. मी बसून पडलो, लोळून पडलो, उभा राहण्याआधी पडलो. एकदा मी नुसता चष्मा पुसत होतो. सगळा प्रकार असा वाटे, की कोणी आपल्याला डाव्या हातानं सही करायला लावलं आहे. टेकाडावर पाच-पाच वर्षांची मुलं माझ्या दोन्ही बाजूंनी जायची आणि त्यांतली एक मुलगी तर प्रत्येक फेरीला मला ‘हाय’ म्हणायची. दीपा वरच्या डोंगरावर असायची. खाली आलीच तर मला अमेरिकेत पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं करायची. मी रागावलो नाही. मीही मला ओळख दाखवली नसती.

काल तिसरा शनिवार. अकराच्या सुमारास मी डाव्या हातावर पडलो आणि मनगटात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे मिरज दिसलं. मी बर्फातच बसून राहिलो. तेवढ्यात लाल टोपी आली. तिनं हातमोजा काढून मनगट चाचपलं, बोटं हलवायला लावली, फळी पायांतून सोडवली आणि मला उभं केलं. म्हणाली, ‘बाबा, लुक ॲट दॅट ट्री.’ मी झाडाकडे बघतो आहे तोच तिनं पाठीत दोन्ही हातांनी जोरात धक्का दिला. मी पडलो नाही. माझा डावा पाय पुढे आला होता.

‘यू आर नॉट गूफी, बाबा. डावा. यू आर सो डावा.’ आणि ती हसत खाली बसली. उपाहारगृहातून स्क्रूड्रायव्हर मागून आणला आणि तिथेच पट्टे उलटे बसवू लागली. स्क्रू पिळता पिळता म्हणाली, पण तुम्ही उजवा का घेतला? विष्णूभाऊ, दोन वर्षांत तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तिला माप सांगितलं, तांदूळ सांगितले, कांचननं ते इतक्या जोरात लवंडलं की तांदूळ भटजींच्या अंगावर उडाले ते सांगितलं. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मग परतीच्या वाटेवर दीड तास ती बोलत होती: बोस्टनची तिला धास्ती वाटते, एकटीला जेवायला आवडत नाही, आमटीत मीठ नव्हतं. मी गाडी मुद्दाम हळू चालवली.

इथले आपले मराठी डॉक्टर संजीव म्हणाले, मनगट मोडलेलं नाही, मुरगळलं आहे, पण तीन आठवडे फळीचं नाव काढायचं नाही. बाकी विशेष काही नाही. सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
श्रीरंग

ता.क. कांचनचं परतीचं तिकीट २० फेब्रुवारीचं आहे. माझे तीन आठवडेही त्याच दिवशी संपतात. इथला बर्फ मार्चअखेरपर्यंत टिकतो. कांचनची मला आठवण येत नाही असं समजू नका, रोज येते, कुकर लावताना तर फारच येते. पण ती आली की एक्स्चेंज पुन्हा सुरू होईल, फळी गराजमध्ये जाईल आणि माझ्याशी थेट बोलायचं कोणाला कारण उरणार नाही. माईंच्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे ना? कांचन आहे तोवर तोही उरकून घेतलात तर बरं होईल. खर्च माझा.

ता.क. २. हे पत्र कांचनला दाखवू नका. तिनं मनगटाचं विचारलंच तर मी न्हाणीघरात घसरलो. ते तिला खरं वाटेल.

विष्णूमामा, मी दीपा. बाबांनी मला पत्र पोस्टात टाकायला दिलं. मी सगळं वाचलं, एक तास लागला. पाय चुकीचा आहे हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मी सांगितलं नाही. बाबांना एखादी गोष्ट जमली की ते ती सोडून देतात. टेनिस जमलं, सोडलं. गिटार, सोडली. मला वाटलं, हे जमलं तर पुढच्या शनिवारी ते येणार नाहीत. पण काल त्यांना लागलं, म्हणून ढकललं. त्यांना हे सांगू नका. आजीचा दुसरा डोळा करा, प्लीज.