चार पानं

प्रिय पिटुकले,

रविवारी फोनवर मी तुझं बोलणं अर्धवट तोडलं आणि गॅसवर दूध आहे म्हणत फोन आईच्या हातात दिला. गॅसवर दूध नव्हतं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. आईने दोनदा रक्तदाब मोजला, दोन्ही वेळा जास्तच निघाला.

गुरुवारी शाळा समितीपुढे तुझी सुनावणी आहे. विज्ञानाच्या पुस्तकाला जोडलेली, पहिला माणूस मातीतून घडला असं सांगणारी ती चार पानांची पुरवणी शिकवायला तू नकार दिलास, एवढाच तुझा गुन्हा. नोकरी गेली तर तुझं कसं होणार, या काळजीने मी इथे खोलीत येरझारा घालतोय. आई म्हणते, फरशी झिजेल.

तू आठ वर्षांची होतीस. प्रार्थनागृहात मी पहिला माणूस मातीतून कसा घडला ते सांगत होतो आणि तू भर सभेत विचारलंस, ती माती कुठून आली? लोक हसले. घरी येताना मी तुला म्हणालो, तुझा प्रश्न शाळेतल्या बाईंना विचार, माझी गोष्ट वेगळ्या कामाची आहे. माणसाने कसं वागावं हे सांगायला ती लागते, माती कशी झाली हे सांगायला नाही. हे मी चाळीस वर्षं मानत आलो. म्हणून तर तू विज्ञान शिकवायला लागलीस तेव्हा मला काहीच खुपलं नाही.

समितीचे अध्यक्ष, ते औषधांच्या दुकानाचे मालक, मागच्या हिवाळ्यात आपल्याकडे आले होते. माझ्या प्रवचनांची खूप तारीफ केली. गुडघ्यांमुळे मी प्रवचनं बंद केल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि कुणी फिरकत नव्हतं. त्यामुळे ते बसले तेवढा वेळ मला फार बरं वाटलं.

काल सकाळी मी त्यांच्या दुकानात गेलो. पुरवणी मागे घ्या, म्हणून अक्षरशः हात जोडले. पुरवणीच्या शेवटी मुलांसाठी प्रश्न होता, ‘तुला काय वाटतं?’ त्याच्या जागी यांनी ‘योग्य पर्याय निवडा’ असं घातलंय आणि त्याला दोन गुण ठेवलेत. श्रद्धेला गुण कसे देता, असं मी विचारलं. त्यांनी गिऱ्हाइकाची गोळ्यांची पाकिटं मोजता मोजता शांतपणे सांगितलं, “तुम्ही कशाला घाबरता? तुमचं नाव कुठेच छापलेलं नाही.”

रविवारी तू म्हणालीस, “बाबा, भाषा इतकी गोड आहे की मुलं लगेच विश्वास ठेवतात. ज्याने लिहिलंय त्याने एकदा माझ्या वर्गात येऊन उभं राहावं.” लाज वाटते सांगायला, पण ‘गोड’ ऐकून क्षणभर मी सुखावलो होतो. मग दुधाची थाप मारून फोन आईला दिला.

ती चार पानं माझी आहेत, बाळा. अध्यक्ष म्हणाले होते, मुलांसाठी सोप्या भाषेत लिहून द्या. कुठल्या तासाला वापरणार, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याचा मला अंदाज होता. आईला काल सांगितलं. हे पत्र घेऊन ती उद्या दुपारच्या बसने तुझ्याकडे येतेय. गुरुवारी मी समितीपुढे उभा राहून सांगणार आहे, की ही पानं माझी आहेत आणि विज्ञानाच्या तासाला ती शिकवू नयेत. त्याने तुझी नोकरी वाचेल की प्रकरण आणखी चिघळेल, मला खरंच कळत नाही. पण हे तुला त्या खोलीत, चारचौघांत कळायला नको. मी मागच्या बाकावर बसेन. तू ओळख दाखवली नाहीस तरी मी बोलणार आहे.

तुझाच, आणि तुझ्यापुढे मान खाली घातलेला,
बाबा