पुलपिटातले खोके

मी, खाली सही करणारा, या चर्चचा येत्या रविवारपर्यंतचा फादर आणि सोमवारपासून कोणीच नाही, वय सत्तरीच्या पुढे, धंदा आजवर बोलण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. नशापाणी केलेले नाही. सकाळच्या उपासनेत वेदीवर घ्यावा लागतो तो घोट नशापाण्यात धरत नाहीत, असे डॉक्टरांनी तोंडी सांगितले आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत आहे की काही लोकांना तिचा त्रासच होतो, हे पुढे दिसेल.

मी हे निवृत्तीच्या आठवड्यातच लिहायला घेतले, त्याला कारण आहे. आमच्यात नियम असा की निवृत्त फादरने लांब राहायला जायचे आणि नव्या फादरचा जम बसेपर्यंत जुन्या चर्चकडे फिरकायचे नाही. नाहीतर लोक लग्नाला, बाप्तिस्म्याला, मातीला जुन्यालाच बोलावत राहतात आणि नवा बिचारा माश्या मारत बसतो. नियम चांगला आहे. मी स्वतःच तो इतरांच्या गळी उतरवला आहे. पण माझ्या वयाचा माणूस एकदा गेला की परत येतो तो चौघांच्या खांद्यावर, आणि त्या वेळी त्याला कोणाशी बोलता येत नाही. म्हणून जे मिटवायचे ते रविवारच्या आत मिटायला हवे. मिटवायचे एकच आहे आणि ते सहाव्या कलमात येईल. आधी किरकोळ सामान आवरतो.

कलम १. राहते घर. हे घर चर्चचे असल्यामुळे ते कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. नव्या फादरना फक्त माहिती देतो. स्वयंपाकघराचे दार दमट हवेत फुगते. त्याला खांदा लावावा, लाथ मारू नये. मी मारून पाहिली आहे. समोरच्या खोलीच्या खिडकीतून येणारा माणूस फाटकापाशीच दिसतो, त्यामुळे चेहरा नीट करायला पुरेसा वेळ मिळतो. ही सोय ज्याने बांधली त्याचे भले होवो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते सगळे माझ्या धाकट्या बहिणीला. नवरा गेल्यावर ती मुलीला घेऊन इथे आली ती चार दिवसांसाठी, आणि मग माझे घर तिनेच चालवले. माझी प्रवचने आटोपशीर असतात अशी जी ख्याती आहे ती माझी नाही, तिच्या पेन्सिलीची आहे. शनिवारी दुपारी ती चष्मा लावून बसायची आणि एकेका परिच्छेदावर काट मारत म्हणायची, “दादा, हे मागच्या वर्षी बोलून झालंय.” आता ती मुलीकडे राहायला जाणार आहे. भाचीने तिच्यासाठी उजेडाची खोली ठेवली आहे, मी स्वतः पाहून आलो. तिच्याबद्दल आणखी बरेच लिहिले होते. तिने वाचले आणि काट मारली.

कलम ३. पुस्तके नव्या फादरना. प्रवचनांची टिपणे मात्र जाळावीत. त्यांना ती वापरायचा मोह होईल आणि मंडळी लगेच ओळखतील.

कलम ४. मनगटी घड्याळ ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना. माझा शेवटचा आशीर्वाद पुरा व्हायच्या आत त्यांनी शेवटचे गीत सुरू केले नाही असा एकही रविवार मला आठवत नाही. त्यांचे म्हणणे, आशीर्वाद लांबतो आणि लोकांच्या चुलीवर जेवण करपते. घड्याळ रोज थोडे मागे पडते. एवढी सवलत त्यांनी मला कधी दिली नाही, ती आता त्यांच्या मनगटावर राहील.

कलम ५. काळी छत्री घंटा वाजवणाऱ्याला. ती त्याचीच आहे.

कलम ६. पुलपिटातले खोके. हे कलम लांबणार आहे. बहिणीला सांगून ठेवले आहे की याला पेन्सिल लावायची नाही.

पुलपीट म्हणजे ज्यात उभे राहून प्रवचन करायचे तो कठड्याचा लाकडी चौथरा. आमचे पुलपीट या भागातल्या कुठल्याही चर्चपेक्षा देखणे आहे आणि ते आमच्या सुताराने एकहाती केले. त्याची कामाची रीत ठरलेली. फूटपट्टीवर त्याचा विश्वास नाही. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्या माणसाला तो भिंतीला टेकवून उभा करतो, एका लांब काठीवर खुणा पाडतो आणि मग त्या खुणांबरहुकूम काम करतो. केलेल्या वस्तूला पुन्हा करवत लावत नाही. माझ्या आधीचे फादर ताडमाड उंच होते. त्यांचे माप घेऊन पुलपीट झाले, पॉलिश वाळायच्या आत त्यांची बदली झाली, आणि त्यात उभा राहायला आलो मी.

पहिल्या रविवारी मंडळींना माझे फक्त कपाळ दिसले. पुढच्या बाकावरच्या बायकांना तेही दिसले नाही. मी सुताराकडे गेलो आणि कठडा जरा उतरवता येईल का, निदान आत एक पायरी तरी, असे विचारले. त्याने रंधा खाली ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितले. खालपर्यंत यायला त्याला वेळ लागला नाही.

“मी माप घेऊन केलंय, फादर,” तो म्हणाला. “मागाहून माणूस बदलला, त्याला मी काय करू?”

घंटा वाजवणाऱ्याने मंडईतून फळांचे एक रिकामे खोके आणून आत पालथे घातले. त्यावर उभा राहिलो आणि काम भागले. पण सुताराने प्रवचनाच्या मध्येच कठड्याखालच्या फटीतून ते खोके पाहिले. आपल्या हातच्या सागवानात फळवाल्याचे खोके! तो उठला आणि बाजूच्या दाराने ओसरीवर गेला. तेव्हापासून तो आत आलेला नाही.

लक्षात घ्या, त्याने रविवार चुकवला नाही. बायको आत तिसऱ्या बाकावर, हा बाहेर ओसरीवर, खिडकीला पाठ लावून. थंडीतही मी ती खिडकी उघडी ठेवायला लावत असे आणि तिच्याकडे तोंड करून बोलत असे. फादरना मानेचा काहीतरी त्रास आहे, असा पुष्कळांचा समज झाला. सगळ्यांना पवित्र भाकर देऊन झाली की शेवटचा तुकडा घेऊन मी ओसरीवर जायचो. आजाऱ्याच्या घरी जावे तसे. तो तोंड उघडायचा, भाकर घ्यायचा, पण माझ्याशी शब्द काढायचा नाही. इतकी वर्षे हे चालले की आता तरुण झालेल्या पिढीला ओसरीवर जाणे हा उपासनेचाच भाग वाटतो. त्या वेळी ते दाराकडे वळून उभे राहतात. परवा नवे फादर सगळा क्रम समजून घ्यायला आले, तर घंटा वाजवणाऱ्याने त्यांना गंभीरपणे सांगितले, “मग भाकर घेऊन ओसरीवर जायचं. तिथं बोलायचं काही नसतं.” नव्या फादरनी ते लिहून घेतले.

आता खोक्याबद्दल. आज सकाळी या कलमात त्याचे वर्णन नीट यावे म्हणून ते पुलपिटातून काढले आणि उलटे केले. फळांचे खोके एवढी वर्षे माझ्या वजनाखाली टिकले, याचा मी कधी विचारच केला नव्हता. खालून फळवाल्याची एकही फळी उरलेली नाही. आडव्या-उभ्या सागवानी पट्ट्या, कोपऱ्यांत खाचेत खाच बसवलेली, एक खिळा दिसत नाही. असे काम या गावात एकच माणूस करतो. कधी केले, किती वेळा, किल्ली कोणी दिली, कोण जाणे. घंटा वाजवणाऱ्याला विचारले तर त्याला एकाएकी घंटेचा दोर तपासायचा होता.

मी खोक्यावर बसलो आणि मला रडू आले. हे लिहायला लाज वाटत नाही.

सबब, सदर खोके मी सुताराला देतो. आणि रविवारी तो आत यावा, एवढीच माझी इच्छा आहे. मी स्वतः त्याला बोलवायला जाणार नाही, असे ठरवले होते. बहीण म्हणाली, तुम्ही दोघे एकाच लाकडाचे. म्हणून आज दुपारी गेलो. त्याच्या बायकोने सांगितले की तो घरात नाही. आतून रंधा चालल्याचा आवाज येत होता.

इथे लेखन थांबले होते. पुढचे सोमवारी लिहीत आहे.

काल निरोपाची उपासना झाली. प्रवचन मी मुद्दाम नव्या फादरना करायला सांगितले आणि स्वतः पहिल्या बाकावर बसलो. तिथून ओसरीची खिडकी दिसत नाही, हे मला तेव्हा कळले. नवे फादर पुलपिटात चढले. खोके घरी होते. ते अंगाने किरकोळ पण उंच आहेत, त्यांच्या छातीशी कठडा आला, हात नेमके कडेवर टेकले, पुस्तक डोळ्यांसमोर. इतक्या वर्षांनी ते पुलपीट पहिल्यांदा कोणालातरी बसले. प्रवचन कशावर होते ते मला सांगता येणार नाही.

मग भाकर वाटून झाली आणि नवे फादर, लिहून घेतल्याप्रमाणे, ओसरीवर गेले. तरुण मंडळी दाराकडे वळून उभी राहिली. ते तुकडा हातात तसाच घेऊन परत आले, माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “फादर, बाहेर कोणीच नाही.”

मला वाटले, संपले. एकही रविवार न चुकवणारा माणूस आज आला नाही. नेमके त्याच वेळी मला निरोपाचे बोलायला उभे केले गेले. बहिणीने तीनदा काटछाट केलेला कागद खिशात होता, तो हाताला लागेना. मी मंडळींकडे तोंड केले. आजवर त्यांना वरून पाहिले होते, आता समोरासमोर पाहत होतो. तिसऱ्या बाकावर सुताराची बायको होती आणि तिच्या शेजारी, टोपी मांडीवर ठेवून, सुतार बसला होता.

तो उठला. पुढे आला, नव्या फादरांसमोर उभा राहिला, भाकर घेतली. परत जाताना माझ्यापाशी थांबला. सगळे चर्च कान देऊन ऐकत होते.

“बघितलंत ना?” तो म्हणाला. “मापात आहे.”

मी म्हणालो, “आहे.”

माझे निरोपाचे भाषण एवढेच झाले. ऑर्गनच्या बाईंनी काल घाई केली नाही. हे त्यांच्या खात्यावर लिहून ठेवतो, पण घड्याळ त्यांनाच.

कलम ६ मध्ये दुरुस्ती. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. आज सकाळी मी सुताराला निरोप धाडला की साक्षीला येतोस का, आणि तो आला; या घरात पहिल्यांदाच. स्वयंपाकघराच्या दाराने आला आणि ते फुगलेले पाहून त्याने मान हलवली. पण दुसरे साक्षीदार, आमचे डॉक्टर, म्हणतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, कायदा तसा आहे. मला खोके देण्यापेक्षा त्याची सही हवी आहे. म्हणून खोके बहिणीला. ती माझ्याहूनही बुटकी आहे आणि भाचीच्या घरातली फडताळे उंच आहेत.

खोके टेबलाशेजारी उलटेच पडले होते. मी त्याच्याकडे बोट दाखवले. सुतार म्हणाला, “पडला असतात तर नाव माझ्या पुलपिटाचं गेलं असतं.” बहिणीने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि तो प्यायला.

कलम ७. माझी माती. मी कुठेही मेलो तरी मला इथे आणावे आणि चर्चच्या मागे, मंडळींच्याच रांगेत पुरावे. शवपेटी सुताराने करावी. लाकूड, बांधणी, पॉलिश सगळे त्याच्या मर्जीने. त्यात कोणी सूचना करू नयेत. तो माझ्या आधी गेला, तर पेटी साध्या फळ्यांची चालेल. मग मला काही फरक पडणार नाही.

हे कलम मी त्याला वाचून दाखवले. तो उठून बाहेर गेला, आणि मला वाटले, पुन्हा ओसरी. पण तो सायकलला बांधलेली काठी घेऊन परत आला. मला भिंतीला टेकवून उभे केले, टाचा मागे घ्यायला लावल्या, हनुवटी वर केली. मी श्वास धरून ताठ झालो तर म्हणाला, “फादर, आहात तेवढेच राहा.” मी राहिलो. त्याने काठीवर खुणा पाडल्या.

या मृत्युपत्राची व्यवस्था डॉक्टरांनी पाहावी. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. वरचा सगळा मजकूर वाचून, समजून, मनावर कसलेही ओझे न ठेवता सही करतो. मंडळींचा मी ऋणी आहे. काल सांगायचे राहिले ते हेच.

ठिकाण: चर्चमागच्या घरातले जेवणाचे टेबल.
दिनांक: निरोपानंतरचा सोमवार, सामान गाडीत चढण्यापूर्वी.

लिहून ठेवणार:
(सही) इथला फादर होतो तो

आम्हा दोघांसमक्ष वरील गृहस्थांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार पहिला:
(सही) डॉक्टर. गृहस्थ पूर्ण शुद्धीत आहेत. गुडघ्यांसाठी दिलेल्या गोळ्या घेत नाहीत.

साक्षीदार दुसरा:
(सही) सुतार. माप घेतले आहे. या वेळी माणूस बदलायचा नाही. घाई नाही.