समोरच्या रिकाम्या खुर्च्यांबाबत

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
ग्रेव्हल लेक औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय,
उत्तर डकोटा.

विषय : अकरा माणसे हजर असताना एकही नव्हते असे ठरवून काढून घेतलेला प्रवेश परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. २९ मे चे नकारपत्र.
२) आपल्या कार्यालयाशी फोनवर झालेले बोलणे, ज्यात अर्जदार हिला वारंवार "थांबा हं" असे सांगून शेवटी विसरण्यात आले.

महोदया,

अर्जदार मारिट लोफ्टुस, रा. हॅट्लन, आपणांस सविनय कळविते की, यातील 'सविनय' हा शब्द अर्जात घालावा लागतो म्हणून घातला आहे.

१. अर्जदार हिची पदवी नाट्यशास्त्राची आहे. हे ऐकून आपल्या कार्यालयातील एक गृहस्थ फोनवर हसले होते. त्यांचे हसू आटोपल्यावर अर्जदार हिने जे सांगितले, ते त्यांनी टिपून घेतलेले दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. पदवीनंतर अर्जदार गावी परतली व श्री. व्हर्लिन ऑसन यांच्या औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून लागली. हॅट्लनमध्ये औषधाचे दुसरे दुकान नाही. पुढचे दुकान सत्तर मैलांवर आहे, आणि जानेवारीत बर्फामुळे ते असून नसल्यासारखे असते. श्री. ऑसन यांनी शहात्तरी गाठली असून त्यांचे दोन्ही गुडघे गेले आहेत. आपल्या राज्यात औषधाचे दुकान फार्मासिस्टच्याच मालकीचे असावे लागते, हे आपणांस ठाऊक आहेच. त्यामुळे मनात असूनही श्री. ऑसन दुकान अर्जदार हिच्या हवाली करू शकत नाहीत. तेव्हा ते म्हणाले, "पोरी, तू शिकून ये. तोवर मी राहतो या काउंटरला टेकून उभा."

२. आपल्या महाविद्यालयाची पायरी चढण्याआधी जे विषय पुरे करावे लागतात, त्यांतला एकही नाट्यशास्त्राच्या पदवीत नव्हता. सबब अर्जदार हिने नोकरी सांभाळून वर्षाला एक विषय याप्रमाणे रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र व संख्याशास्त्र हे विषय पुरे केले. यात तिच्या नाकी नऊ आले. एकदा बर्फात गाडी चरात गेली असता, ओढून काढणारी गाडी येईपर्यंत तिने मांडीवर पुस्तक ठेवून कार्बनच्या साखळ्या पाठ केल्या. गुण सर्वत्र चांगले आहेत. ते आपण मान्य केलेत व फेब्रुवारीत सशर्त प्रवेशही दिलात. अट एकच उरली होती : वक्तृत्व.

३. ज्या बाईने चार वर्षे रंगमंचावर उभे राहून पदवी घेतली, तिने बोलायला शिकून यावे, ही आपली अट. नाटकातील कामे यासाठी धरावीत अशी विनंती केली असता आपण स्वतः म्हणालात, "नाटकात दुसऱ्याची वाक्यं बोलतात हो. आम्हाला स्वतःची बोलणारी माणसं हवीत." महोदया, दुसऱ्याने लिहिलेले एकही अक्षर न बदलता, समोरच्याला समजेल असे सांगणे, हाच फार्मासिस्टचा धंदा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर जो स्वतःची वाक्ये घालतो, त्याचा परवाना जातो. आपण या महाविद्यालयात नेमके काय शिकवता, असा प्रश्न अर्जदार हिला तेव्हा पडला. तो तिने विचारला नाही, याचा तिला आता पश्चात्ताप होतो.

४. असो. अर्जदार हिने घरबसल्या करायचा वक्तृत्वाचा वर्ग लावला. शिकवणारे प्रा. किप लँड्री यांचे तोंड तिने कधी पाहिले नाही. त्यांचा नियम असा की, शेवटचे भाषण किमान पाच प्रौढ श्रोत्यांसमोर करून त्याची चित्रफीत पाठवावी आणि ते श्रोते भाषणभर चौकटीत दिसावेत.

५. भाषण चर्चच्या तळघरात झाले. पाच मागितले होते, अकरा आले. काहींनी केक आणला, एकीने भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश आणला. अर्जदार हिने खुर्च्यांच्या तीन रांगा मांडल्या, त्यांच्या मागे स्टँडवर फोन लावला, म्हणजे श्रोत्यांची डोकी व पलीकडे अर्जदार असे दोन्ही दिसावे. अकराही माणसे त्या तीन रांगा ओलांडून, फोनच्याही मागे, कॉफीच्या भांड्याजवळ भिंतीला पाठ लावून बसली. हॅट्लनमध्ये पुढे कोणी बसत नाही. खरे सांगायचे तर अर्जदार हिलाही त्यात काही वावगे दिसले नाही. ती जन्मल्यापासून समोरच्या खुर्च्या रिकाम्याच पाहत आली आहे आणि स्वतःही त्याच भिंतीशी बसते. ती मनापासून बोलली.

६. प्रा. लँड्री यांनी तीन रांगा रिकाम्या खुर्च्या पाहिल्या व शेरा मारला : "श्रोते नाहीत. अनुत्तीर्ण." चित्रफितीत खोकले ऐकू येतात, चमचे ऐकू येतात. मध्येच श्रीमती आर्डिस मोएन यांचा "अगं मारिट, जरा मोठ्यानं!" हा आवाज ऐकू येतो. रिकाम्या खुर्च्या मोठ्याने बोलायला सांगत नाहीत, हे अर्जदार हिने पत्राने कळवले. उत्तर आले की, दुसरी चित्रफीत स्वीकारण्याची पद्धत नाही.

७. तरीही अर्जदार हिने सर्वांना पुन्हा बोलावले व पहिल्या रांगेत बसण्यासाठी हातापाया पडली. आर्डिसबाई म्हणाल्या, "पुढे कोण बसतं, सांग बरं? लग्नातले नाहीतर मयतातले. आमच्यातलं कोण गेलंय?" शेवटी एकटे श्री. ऑसन गुडघे चोळत पुढे येऊन बसले. "मला बसू दे," ते म्हणाले, "माझं काय, आज ना उद्या मान मिळणारच आहे." यावर मागे, भिंतीशीच बसलेले बाकी सगळे हसले. अर्जदार हिला हसू आले नाही.

८. भाषणाचा विषय होता, घरातली जुनी औषधे साठवू नयेत व एकमेकांना देऊ नयेत. पहिल्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी धान्य कोठारावरील श्री. ड्वेन फॉस आपल्या दिवंगत पत्नीच्या हृदयविकाराच्या गोळ्या कागदी पिशवीत घालून दुकानात आले. छातीत कळ आली की त्यांतली एक ते घेत असत, हे तेव्हा समजले. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, म्हणाले, "तू बोललीस म्हणून आणली, नाहीतर हात सुटत नव्हता." आणि बराच वेळ पिशवीवरचा हात काढला नाही. त्यांना डॉक्टरकडे पाठवले. त्यांचे उपचार सुरू आहेत. वक्तृत्व म्हणजे याहून वेगळे काही असल्यास कृपया लेखी कळवावे.

९. आपण फोनवर म्हणालात, "पुढच्या वर्षी या की, घाई काय आहे?" घाई आपल्याच नियमाने केली आहे. विज्ञानाचे विषय सात वर्षांत शिळे होतात, असे आपण ठरवले आहे. अर्जदार हिचे रसायनशास्त्र या हिवाळ्यात शिळे होईल, त्यामागून शरीररचना. म्हणजे वक्तृत्व पुरे करेपर्यंत रसायन जाते आणि रसायन पुन्हा करेपर्यंत बाकीचे. एवढी वर्षे गळकी घागर भरून ती आपल्या दारापर्यंत आणली, आता आपण म्हणता काठोकाठ नाही. माणसाच्या हाडांची नावे सात वर्षांत बदलतात असे अर्जदार हिच्या ऐकिवात नाही.

१०. श्री. ऑसन यांच्या टेबलावर विक्रीचे कागद पडून आहेत. सत्तर मैलांवरचा फार्मासिस्ट दुकान घेऊन लगेच बंद करणार आहे. त्याला आमची गिऱ्हाइके हवीत, गाव नको. श्री. ऑसन म्हणतात, "तुला जागा मिळाली तर चार वर्षं ओढतो. नाही मिळाली तर माझ्यानं आता होत नाही, पोरी." ते रोज सकाळी टपालाकडे पाहतात, मग अर्जदार हिच्याकडे पाहतात. आपले नकारपत्र येऊन पडले आहे, हे अर्जदार हिने त्यांना अद्याप सांगितलेले नाही. आपला तिला संताप येतो तो याचा.

११. तरी सोमवार दि. १६ जून रोजी कार्यालय उघडताच अर्जदार आपल्या दालनात हजर राहील. आपल्याकडे पाचाहून अधिक प्रौढ माणसे पगार घेऊन खुर्च्यांवर बसलेली असतात. त्यांच्यापुढे ती भाषण पुन्हा करील. पसंत पडल्यास प्रवेश परत द्यावा. पसंत न पडल्यास एवढेच करावे : श्री. ऑसन गाडी घेऊन बरोबर येणार आहेत (भाषण पुन्हा करायचे आहे, एवढेच त्यांना सांगितले आहे) व बाहेरच्या बाकावर बसलेले असतील. आपण बाहेर जाऊन त्यांना सांगावे की, आता वाट पाहू नका, सही करून टाका. हे वाक्य अर्जदार हिने आरशासमोर पुष्कळदा म्हणून पाहिले आहे. त्यांच्यासमोर ते तिच्या तोंडून निघत नाही. ते आपण बोलावे. आपण वक्तृत्वात उत्तीर्ण आहात.

सोमवारी आपल्या दारात उभी असणारी,
(सही)
मारिट लोफ्टुस
हॅट्लन, दि. ९ जून

सोबत : १) नाट्यशास्त्राच्या पदवीची प्रत.
२) अद्याप शिळी न झालेली गुणपत्रके.
३) चित्रफीत (आवाज मोठा करून ऐकावी).