डोकं दुखतं का, तर नाही

दि. २
चि. ठकूस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आधी आली नर्सबाई, जिन्यानं धापा टाकत. मागून इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई, पायात दोन रंगांचे मोजे. एवढी शिकलेली बाई, पण मोजे बघ. मला फार आवडली. दोन-दोन कप चहा झाला. मग तुझ्या बापाला लिंबू, सायकल, खिडकी असे तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. पठ्ठ्यानं घडाघडा सांगितले. दर खेपेला तेच असतात, महिनाभर घोकून घेतलेत मी. डोकं दुखतं का, तर नाही म्हणायचं, हेही मीच पढवलंय. दुखतं म्हटलं की विसरण्याच्या आजाराचं औषध बंद. तुझ्या आजोबांना औषधच नव्हतं, पन्नाशीच्या आत मला ओळखेनासे झाले.

डोक्याच्या फोटोत कसलीशी सूज दिसली म्हणे. पण त्रास नाही म्हटल्यावर पंधरा तारखेची औषधाची सलाईन पक्की झाली. तुझी आजी जिंकली गं. लोभ आहेच, तो वाढव.

आजी

दि. ७
ती. आजीस सा. न.

फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून लिहिते. आजी, त्या औषधानं कधी कधी मेंदूतल्या रक्तवाहिन्याच सुजतात. फोटोत तेच दिसलंय. डोकं दुखत असताना सलाईन दिली, तर आत रक्तस्राव होऊ शकतो. आजोबांचा आजार बाबांकडे आला, उद्या माझ्यातही निघेल. तेव्हा मलाही तू असंच पढवणार का? पंधराच्या आत खरं सांग. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

ठकू

दि. १३
चि. ठकूस आशीर्वाद.

सांगितलं. नर्सबाईला फोन केला, तर दोघी लगेच आल्या. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तुझ्या बापाला विचारलं, तर म्हणे तीन आठवडे दुखतंय, आईनं सांगू नको म्हटलं होतं. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, आणि आईचं ऐकतो.

दुपारीच नवा फोटो काढला. सूज वाढलीय. सलाईन बंद, सूज उतरायच्या गोळ्या सुरू. या वेळी शब्दही नवे विचारले. एकही आला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मी भिंतीकडे.

औषध पुन्हा देतील का, ते आत्ता सांगता येत नाही म्हणाल्या. आजीवर माया ठेव. दोघी मंगळवारी सकाळी परत येतो म्हणाल्यात.

आजी