ज्ञानूचं यंत्र फाटकन का वाजतं

छत्रपती संभाजीनगर
दिवाळीच्या आधीचा सोमवार

माझ्या थोरल्या भावाला, कडूबादादाला, धाकट्या बानाचं पायांवर डोकं. तुझ्या गुडघ्याची कळ थांबली असंल, वहिनीचा खोकला गेला असंल आणि मेंढ्यांची खुरं बरी झाली असतील असं धरूनच लिहिते (झाली नसतील तर आधी त्यांना दवा कर, माझं मागून वाच). इथं आम्ही समदे खुशाल. फोन का केला नाय म्हणशील, तर मला स्पीकर लावल्याबिगर ऐकू येत नाय, आणि स्पीकर लावला की हे, सूनबाई आणि भिंतीपलीकडची लीलाबाई, समद्यांना ऐकू जातं. दुसरीपर्यंत शिकले ते आज कामाला आलं. अक्षरं वाकडी आहेत, तू सरळ करून घे.

माझी नात ज्ञानेश्वरी सरकारची परीक्षा देऊन लायसनवाली हॅम झाली, हे दसऱ्याला तू सोनं द्यायला सोयगावहून आलास तवा सांगितलंच होतं. गच्चीवरच्या खोलीत तिचा रेडिओ आहे. त्यातून नुसतं ऐकायचं नाय, बोलायचं पण. दुपारी ती बोलते आणि मी बाजूला वाती वळत बसते. कुठली कुठली माणसं असतात दादा! एक म्हातारा रशियातला, रोज तिथल्या थंडीचंच सांगतो म्हणं. मला तर आता त्याचीच फिकीर लागून राहिलीय, घोंगडी पाठवता येती का विचारलं तर ज्ञानू नुसती हसली. खरं सांगू, आख्ख्या घरात मला त्या खोलीइतकी दुसरी जागा गोड लागत नाय.

आवाज लांब जावा म्हणून ज्ञानूनं रेडिओला एक मोठं यंत्र जोडलंय, ॲम्प्लिफायर. जुनं सामान गोळा करून, वर्षभर खपून, स्वतःच्या हातानं बनवलंय. त्याच्या पोटात काचेची ट्यूब आहे (छताची लांबुडकी नाय, लोट्याएवढी), पेटली की निखाऱ्यावानी लाल. आणि वीज घरातल्या विजेच्या दहापट! तर दसऱ्यापासून हे यंत्र बिघडलं. पोरगी बटण दाबून बोलाय लागली की आतून फाट! निळा उजेड, जळका वास, आणि आख्ख्या घराची लाईट बंद. कधी चार दिवस गप, कधी एका दुपारी तीनदा. सूनबाईचं मिक्सर अर्ध्या चटणीत थांबलं. हे म्हणाले उंदीर शिरला. लीलाबाई म्हणाली नजर लागली, मिरच्या ओवाळा. मी ओवाळल्या, तर ज्ञानूला खोकला आला आणि यंत्र फाटकन वाजलंच.

पण पोरीनं हाय खाल्ली नाय. आधी म्हणाली, गच्चीवरच्या तारेचा दोष असंल. तार सोडली, तिच्या जागी एक डबा जोडला, जो समदी ताकद गिळून नुसता गरम होतो. तरी फाट. मंग दोष बाहेर नाय, आतच. मंग ट्यूब म्हातारी झाली म्हणून दुसरी बसवली. ती नवी नवरी पण फाट. शेवटी पडदे ओढून, झाकण न काढता, जाळीतून दुरून बघत बसली की निळा उजेड नेमका उडतो कुठं.

दिसला एकदाचा. मंग वायर काढली, पाव घंटा थांबली, आणि लाकडी दांड्याची एक आकडी आत लावून राहिलेली वीज जमिनीत सोडली. बटण बंद केलं तरी वीज पोटात राहते म्हणं, धार काढल्यावर शेळीच्या कासेत दूध राहतं तशी. तिथं पातळ पत्र्यांच्या दोन चवडी आहेत, एकमेकींत सरकतात पण शिवत नाहीत, एका घरातल्या अबोला धरलेल्या जावांवानी. त्या दोघींच्या मधी चिमट्यात काय घावलं? तांदळाचा एक दाणा. लाल, आणि अर्धा जळून कोळसा!

ज्ञानूनं तो हातावर घेतला. चिडली नाय, पांढरीफटक पडली. म्हणाली, "झाकण उघडं असताना कुणी हात घातला असता तर ते माणूस आज जितं नसतं. उद्यापासून खोलीला कुलूप, आणि आत मी एकटी." सूनबाईनं मान हलवली. मी पण हलवली. आता यंत्र मस्त चालतंय. कुलूप मातुर आणून ठेवलंय, अजून लावलं नाय. माझा जीव त्या कुलपात अडकलाय.

वहिनीला नमस्कार सांग, पोरांना गोड पापा.

तुझी बाना

ता. क. दादा, आता खरं. दसऱ्याला सकाळी झाकण उघडं होतं, वायर काढलेली होती, ज्ञानू आंघोळीला गेलती. आपल्यात घरातली विळी, कुऱ्हाड, मेंढ्यांची कातर, समदं पूजतात, मंग पोरीच्या हत्यारानं काय पाप केलंय? मी हात आत घातला नाय, देवाशपथ. वरून दोन अक्षता टाकल्या, हात जोडले, निघून आले. पण ज्ञानूला मी सांगून बसले की त्या तू टाकल्यास. तुला काय, तू सोयगावला असतोस, तुला खोलीत न बसायची शिक्षा काय लागणार? भाऊबीजेला आलास की एवढं व्हय म्हण.

आणखी ता. क. दादा, व्हय म्हणू नको. पाकिटावर पत्ता लिहायला ज्ञानूला दिलं, आणि पाकीट डकवायचं राहिलं. तिनं समदं वाचलं. हसून हसून खाली बसली. म्हणं, "आजी, दाणा सापडला तेव्हाच मला कळलं होतं. गॅस, फ्रीज, विजेचं मीटर, तुझ्या अक्षता कुठं नाहीत? कडूबा आजोबांवर घालतेस तर घाल म्हणून गप्प बसले." मंग डोळे पुसले आणि म्हणाली की कुलूप नाय लावत, पण झाकण उघडं असलं की मी उंबऱ्याच्या बाहेर बसायचं. आणि पुढच्या दसऱ्याला ती झाकण लावून, वायर काढून मला बोलावणार, पूजा दोघींनी मिळून. फक्त अक्षता नायत. मी कबूल झाले. कुंकवाचं ती काही बोलली नाय, मंग मी पण विषय काढला नाय.