छातीपाशी पुसट आलेल्या छायाचित्राबाबत

प्रति,
मा. निवृत्तिवेतन अधिकारी,
हयात पडताळणी शाखा,
चौथा मजला, मुख्य कार्यालय.

विषय: सेवानिवृत्त लिफ्टचालकाचे छातीपाशी पुसट आलेले छायाचित्र हयातीचा पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याबाबत.

संदर्भ: १) आपल्या शाखेचा शेरा, "छायाचित्रात व्यक्ती आढळून येत नाही."
२) त्यानंतरचा शेरा, "छातीचा भाग पुसट. परत."

महोदय,

१. पहिल्या शेऱ्यासह परत आलेले छायाचित्र मी भिंगाखाली पुन्हा तपासले. त्यात पुढील वस्तू आहेत: हातांची लाकडी खुर्ची एक, खिडकी एक, तिची तावदाने चार, पैकी एकाच्या जागी पुठ्ठा, टेबल एक, टेबलावर रेडिओ एक, चष्म्याचे घर एक आणि कप दोन, त्यांतला एक पालथा, भिंतीला टेकवलेली काठी एक. व्यक्ती नाही, हा शेरा वरवर पाहता बरोबर आहे. तथापि त्या वेळी ती खोली रिकामी नव्हती. तिथे आम्ही दोघे होतो.

२. मी भौतिकशास्त्राची पदवीधर असून व्यवसायाने छायाचित्रकार आहे. एकट्या राहणाऱ्या माणसांच्या खोल्यांची छायाचित्रे काढणे हे माझे मुख्य काम. ते मला कोणी सांगितलेले नाही आणि त्याला गिऱ्हाईकही नाही. आई म्हणते, "अगं, वाढदिवसांचे फोटो काढ. निदान समोरची माणसं हसतील तरी." वाढदिवसांचे फोटो मी काढून पाहिले. सगळे झाल्यावर मी कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढत बसते, अशी तक्रार आल्यावर ते काम आपोआप थांबले. जे निवृत्तिवेतनधारक घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांची छायाचित्रे घरी जाऊन काढणाऱ्यांच्या आपल्या यादीत माझे नाव लागले, तेव्हापासून माझी घडी बसली. आधी शाखेसाठी माणसाचे छायाचित्र, मग परवानगी घेऊन माझ्यासाठी त्यांच्या खोलीचे. एकाच फेरीत दोन्ही व्हायचे. हे काम आयुष्यभर करत राहायचे तर कसे, याचे मला सापडलेले उत्तर एवढेच आहे, आणि ते आपल्या यादीवर उभे आहे.

३. विषयांकित निवृत्तिवेतनधारक, ज्यांना मी आजोबा म्हणते, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. माझा छोटा कॅमेरा दुरुस्तीला पडून होता (दुरुस्तीवाला म्हणतो, "पार्ट येईल तेव्हा येईल, मी काय शेतात पिकवतो का?"). मोबाइलवरील छायाचित्र आपल्या परिपत्रकाप्रमाणे चालत नाही. आजोबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झालेले असल्याने डॉक्टरांनी फ्लॅशला मनाई केली आहे. म्हणून मी माझा मोठा, तीन पायांच्या तिकाटण्यावरचा कॅमेरा नेला. त्या खोलीत खिडकीतून येईल तेवढाच उजेड असतो. तेवढ्यात या कॅमेऱ्याचे झाकण आठ सेकंद उघडे ठेवावे लागते. आठही सेकंद जागेवर असलेली वस्तू स्पष्ट उमटते. जी निघून जाते ती जवळजवळ उमटतच नाही.

४. झाकण उघडून मी घड्याळाकडे पाहत होते. पहिल्याच सेकंदाला शेजारच्या घराची बेल वाजली आणि आजोबा उठून दाराकडे गेले. आयुष्यभर बेल वाजली की उठून लिफ्टचे जाळीचे दार ओढायचे, एवढीच त्यांची नोकरी होती. पाय अजून ऐकत नाहीत, असे ते म्हणाले. दार उघडून त्यांनी जिन्यात पाहिले आणि परत येऊन बसले, तोवर आठ सेकंद संपून झाकण मिटले होते. "आपली नाही. आपली वाजतच नाही," ते म्हणाले, "तरी बघितलेलं बरं." त्यानंतर मी दुसरी फिल्म घातली आणि आजोबा शेवटपर्यंत बसून राहिले.

५. दोन्ही छायाचित्रे छापल्यावर एक कलाप्रदर्शनाच्या निवड समितीकडे जायचे होते आणि दुसरे आपल्याकडे. मला पहिले अधिक आवडले होते. जे आवडते ते मी आधी पाकिटात घालते. त्या दिवशी हातात आलेले पहिले पाकीट आपल्या शाखेचे होते. त्यामुळे रिकामी खुर्ची आपल्याकडे आली आणि बसलेले आजोबा निवड समितीकडे गेले. समितीने कळवले की यात नुसता एक म्हातारा बसलेला असून त्यापलीकडे काही जाणवत नाही. आपल्या लिपिक महोदयांनी मला खिडकीशी बोलावून विचारले, "काय मॅडम, आता खुर्चीला पेन्शन द्यायची का आम्ही?" मागच्या रांगेतले लोक हसले. मलाही हसू आले, आणि मी ते दाबले नाही, ही माझी चूक झाली असावी. त्याच आठवड्यात आजोबांचे निवृत्तिवेतन थांबले, त्यांच्या नावापुढे "हयात नसावेत" असे आले आणि यादीतून माझे नाव कमी झाले.

६. निवृत्तिवेतन पुन्हा सुरू करायचे तर आजोबांनी समक्ष यावे, असे मला सांगण्यात आले. आपली शाखा चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. हे मी आजोबांना सांगितल्यावर त्यांनी विचारले, "डावीकडची की उजवीकडची? डावीकडची असेल तर दार आधी थोडं उचलून मग ओढायला सांग त्यांना." यावरून आपल्या लक्षात येईल की ते सेवानिवृत्त झाले ते आपल्याच इमारतीतून. आपल्यापैकी जे जुने आहेत त्यांना त्यांनी पुष्कळदा वर आणून सोडले असेल. मी शाखेत विचारून पाहिले. लिफ्टमध्ये कोणीतरी असायचे, एवढे सर्वांना आठवते.

७. समक्ष येणे शक्य नसल्यास, गेल्या महिन्यात त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन व्यक्तींचे जबाब चालतील, असे नंतर कळले. मी शोध घेतला. वाणसामान आणणारा पिशवी कडीला अडकवून जातो. शेजारीण म्हणाली, "रेडिओ ऐकू येतो हो, पण बघितलं असं नाही म्हणता येणार. खोटं कशाला बोलू?" मुलगी परदेशी असते आणि फोनवर आवाज ऐकते. आवाज पाहण्यात धरला जात नाही. प्रत्यक्ष पाहिलेली एकच व्यक्ती उरते, ती मी. आणि यादीतून कमी केलेल्या छायाचित्रकाराचा जबाब घेता येत नाही.

त्या रात्री सहज मनात आले की असा प्रश्न माझ्याबाबत निघाला तर मी कोणाची नावे देईन. आई दुसऱ्या गावी आहे. घरमालकाशी व्यवहार बँकेतून होतो. एक नाव लगेच सुचले, ते आजोबांचे. परंतु आपल्या दप्तरी ते हयात नसल्याने त्यांचाही जबाब चालणार नाही. सध्या आम्ही दोघे एकमेकांचे साक्षीदार आहोत आणि दोघेही अग्राह्य आहोत. हा मुद्दा विषयाला सोडून आहे, तरी दप्तरी असावा म्हणून लिहिला.

८. निवड समितीकडून छायाचित्र परत आल्यावर मी ते आपल्याकडे सादर केले. त्यात आजोबा खुर्चीत बसलेले आहेत, चेहरा ओळखू येतो, डोळे उघडे आहेत. त्यावर संदर्भ क्रमांक २ मधील शेरा मिळाला. याबाबत नम्रपणे कळवते की फिल्म घालून मी त्यांना हलू नका म्हणाले, तेव्हा त्यांनी विचारले, "मग श्वास घेऊ की नको?" मी म्हणाले, "घ्या." ते म्हणाले, "बरं, मग घेतो." श्वास रोखायला सांगितले असते तर छायाचित्र आपल्या परिपत्रकाप्रमाणे सुस्पष्ट आले असते. पण आठ सेकंदांत ते घाबरे झाले असते, आणि त्या घरी पाणी आणून द्यायला दुसरे कोणी नव्हते.

९. तरी विनंती की,
(अ) सदर छायाचित्र स्वीकारून आजोबांचे निवृत्तिवेतन पूर्ववत सुरू करावे;
(आ) ते शक्य नसल्यास शाखेतील कोणीही एकदा तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन यावे. बेल वाजवावी. ते उठून येतील, थोडा वेळ लागेल, तेवढे थांबावे;
(इ) माझे नाव पुन्हा यादीत घ्यावे. यादीत नसताना मी सात घरांत माझ्या कामासाठी म्हणून गेले. कार्यालयाकडून आले असे सांगता येत नाही म्हटल्यावर पाच दारे उघडली नाहीत. उरलेल्या दोन घरी मला आत घेतले, पण कॅमेरा बाहेर ठेवायला सांगितला. आता संध्याकाळी मी आजोबांकडे जाते आणि पालथा कप सुलटा करून चहा घेते. छायाचित्र काढत नाही.

वरीलपैकी एकच विनंती मान्य करता येत असेल, तर ती (अ) असावी.

छातीच्या भागाबाबत शाखेची खात्री व्हावी म्हणून मूळ फिल्म सूक्ष्मदर्शकाखाली मोजून आकडे सोबत जोडले आहेत. सूक्ष्मदर्शक माझ्या जुन्या महाविद्यालयाचा आहे. तेथील प्रयोगशाळा सहायकांनी मला नावाने ओळखले नाही, पण "तुम्ही त्या कोपऱ्यातल्या टेबलावरच्या ना?" असे म्हणून वापरू दिला.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
अर्जदार छायाचित्रकार
दिनांक: ९ मार्च

सोबत जोडले आहे:
१. छायाचित्र, खुर्ची रिकामी असलेले.
२. छायाचित्र, आजोबा बसलेले.
३. नेत्रतज्ज्ञांचे पत्र, फ्लॅशला मनाई असल्याबाबत.
४. छायाचित्र क्रमांक २ च्या मूळ फिल्मवरील मोजमाप. प्रत्येक कडा पाच वेळा मोजून सरासरी घेतली आहे. आठ सेकंदांत कडेचे सरकणे:
खुर्चीचा हात, ०.०० मिलिमीटर.
टेबलावरचा रेडिओ, ०.०० मिलिमीटर.
सदऱ्याचे वरून तिसरे बटण, ०.४१ मिलिमीटर.